वीणेकऱ्याचं अर्धं आख्यान

“तुमीच चाला ना बाबा संगं. तुमाले वाट ठाऊक आहे.”

प्रार्थनामंदिराच्या ओसरीवर ईश्वरदास वीणेच्या खुंट्या पिळत बसले होते. फुलवंता पायरीखाली उभी होती. त्यांना वाटलं, ही सालेकशाच्या बाजाराला निघाली असेल आणि सोबत शोधत असेल.

“कोणती वाट वं?”

“मेलेल्याइची,” ती म्हणाली.

ईश्वरदासांचा हात खुंटीवरच राहिला.

फुलवंता मिशनच्या दवाखान्यात आया होती. गेल्या आठवड्यात तिचा नवरा पतिराम दरेकशाकडच्या जंगलात लाकूडतोडीला गेला आणि सागाचा बुंधा कोसळला तेव्हा त्याला बाजूला होता आलं नाही. चौघांनी बाजेवर घालून आणला, पण वाटेतच सारं आटोपलं होतं. मिशनच्या कबरस्तानात त्याला माती दिली. ईश्वरदासांनीच भजन म्हटलं. पतिरामचे गोंड भाऊबंद कुंपणाबाहेर हात बांधून उभे राहिले, आत कोणी आलं नाही. जाताना त्याचा थोरला भाऊ बकाराम एवढंच बोलला, की येत्या गुरुवारी नदीवर जायचं आहे, तयार राहा.

“नदीवर काय करतेत?” ईश्वरदासांनी विचारलं. तसं त्यांना अर्धंमुर्धं ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून ऐकावंसं वाटलं.

“भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ, काठावरून नाव घेऊन हाका मारते. बायको पान्यात घडा धरते. घड्यात जे का येईन, लहानशी मासोरी, झिंगा, तोच तो. मंग त्याले गानी म्हनत घरी आनतेत, मेलेल्या बुढ्याइच्या संगं बसवतेत.”

“आनि नाही आनलं तं?”

“तं राह्यते तितंच. काठाकाठानं फिरत. ना इकडचा, ना तिकडचा.”

ईश्वरदासांनी वीणा मांडीवरून खाली ठेवली. आवाज मऊ करून ते म्हणाले, “फुलवंता, आपन आता ख्रिस्ती आहो. पतिराम प्रभूपाशी गेला. तो नदीत कायले बसून राहील?”

“मंग तो वीनेकरी कुठं गेला होता जी, बायकोले आनाले? तोही नदी उतरूनच गेला होता. तुमीच सांगलं कीर्तनात.”

“ते आख्यान व्हय, बाई. युनानी लोकांची जुनी कथा.”

“कथा होती तं तुमी रडत काऊन होते?”

तिनं हे टोचून विचारलं नव्हतं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. ईश्वरदासांनी वीणा पुन्हा मांडीवर घेतली. “पाहू,” म्हणाले, आणि पुन्हा खुंटीला लागले.

ती कथा त्यांच्या हाती आली त्यालाही पुष्कळ वर्षं झाली होती. गोरे पादरीसाहेब संध्याकाळी त्यांना इंग्रजी शिकवत. त्यासाठी जे पुस्तक काढलं ते होतं युनानी, म्हणजे ग्रीक, आणि रोमी लोकांच्या देवादिकांचं, चित्रांचं. स्वराज्य आलं, त्याच्या दुसऱ्या वर्षी साहेब मायदेशी परतले आणि पुस्तक ईश्वरदासांकडेच राहिलं. आधी ते भीतभीतच वाचत. परक्या मूर्तिपूजकांचे देव ते, चोऱ्या करणारे, दुसऱ्यांच्या बायका पळवणारे. पण मग एका पानावर त्यांना तो भेटला, ज्यानं माणसांसाठी अग्नी आणला आणि त्यापायी कड्याला जखडला गेला, कूस फाटली तरी हूं का चूं केलं नाही. ईश्वरदास पुस्तक मिटून उठले आणि अंगणात येरझारा घालू लागले. ही कूस त्यांच्या ओळखीची होती, क्रुसावरच्या प्रभूची.

तेव्हापासून त्यांचं वाचणं बदललं. एखादी आंधळी बाई भिंत चाचपत घरात फिरते, तिचा हात मधूनच देवळीतल्या दिव्यावर जातो, चटका बसतो, आणि तिला कळत नाही की हाच दिवा. तसे ते लोक त्यांना वाटू लागले. पौल प्रेषितानं युनान्यांच्या अथेनै शहरात नाही का सांगितलं, की तुम्ही ज्याला न ओळखता भजता त्याचंच नाव मी तुम्हाला सांगतो? ईश्वरदासांनी त्या कथा कीर्तनात घेतल्या. परकी नावं गाळली, साक्या रचल्या, ओव्या रचल्या. त्यात वीणेकऱ्याचं आख्यान तर असं रंगे, की आमगावापासून माणसं बैलगाड्या जुंपून येत. वीणेकऱ्याची बायको साप चावून मरते. तो मेलेल्यांच्या देशात उतरतो. त्याच्या गाण्यानं तिथल्या राजालाही दया येते. घेऊन जा म्हणतो, पण उजेडात पोचेपर्यंत मागं पाहू नकोस. आणि उंबऱ्यापाशी येऊन तो मागं पाहतो. इथं ईश्वरदास थांबत, डोळे पुसत, आणि मग पट्टी चढवून प्रभूकडे येत: माणसाच्या गाण्याला जे साधलं नाही ते त्यानं केलं, तो खाली उतरला, आणि ज्यांना आणायचं त्यांना घेऊनच वर आला.

पतिराम हेच आख्यान ऐकून आत आला होता. कुठल्याशा लग्नावरून परतत होता, गळ्यात ढोलासारखी मांदर, तोंडाला मोहाच्या दारूचा वास. ओसरीखाली उभ्यानं सगळं ऐकलं. पुढच्या कीर्तनाला येऊन बसला, त्याच्या पुढच्याला ईश्वरदासांच्या मागे बसून साथ धरली, आणि वर्षभरात बायकोसकट बाप्तिस्मा घेतला. भाऊबंदांनी पाणी तोडलं. तो म्हणायचा, “बाबा, माहा देव बदलला का नाही मले नाही समजत. पन ताल चांगला गावला.”

दुसऱ्या दिवशी ईश्वरदास खेमराज मास्तरांकडे गेले. मास्तर मिशनशाळेचे हेडमास्तर आणि साहेब गेल्यापासून मंडळीचे पंचही तेच. ते वांग्यांच्या वाफ्याला पाणी घालत होते.

“ऐकलं मी,” मास्तर मान वर न करता म्हणाले. “तुमाले नदीवर न्यायचं म्हणते.”

“मी वीणा घेऊन जावं, असं मनात आहे तिच्या. भजन म्हणीन. तिच्या मनाले थंडावा होईल.”

“वीणा नेली म्हणून ते कीर्तन होत नाही, ईश्वरदासजी. ती त्यांचीच पूजा राहते आणि तुम्ही तिचे पुजारी होता.”

“मास्तर, युनानी लोकांच्या कथेत आपन प्रभूची सावली पाहतोच ना? रोमी लोकांच्या पुस्तकात मेलेल्यांची गर्दी नदीकाठी उभी आहे, पैलतीराकडे हात पसरून. ते वाचून मले...”

“रडू आलं. ठाऊक आहे. तुमाले मोहाची फुलं गळताना पाहूनही रडू येते.” मास्तरांनी कळशी ठेवली. “पाहा सावली, माझी ना नाही. पण ते युनानी लोक काही सालेकशाच्या बाजाराले येत नाहीत. त्यांच्या देवाले कोणी कोंबडं कापत नाही. मेलेल्या देवांवर दया करायले आपलं काय जातं? हे देव जिते आहेत. आज घडा, उद्या बोकड, परवा दारू. मागच्या साली मंडळीतला दुधराम नवस फेडाले म्हणून गेला, आला का परत?”

“ती परत येईल.”

“आणि बाकीचे? चार गोंड घरं आहेत आपल्याकडं, सगळे तिच्याकडंच पाहून राहिले. वर साहेब नाहीत आता, कोणाच्या जिवावर मंडळी धरायची?” मास्तरांनी कळशी पुन्हा उचलली. ते वाईट माणूस नव्हते. पतिरामला खांदा देताना त्यांचेही डोळे भरले होते. “ती गेली तर दवाखान्याचं काम सोडून जाईल, खोली सोडून जाईल. आणि तुम्ही गेले तर वीणा इथं ठेवून जा. मी असं करतो, गुरुवारीच कीर्तन ठेवतो, दिवसाउजेडी. वीणेकऱ्याचंच लावा. शेवटी प्रभू येतोच त्यात. तिला आधार होईल.”

वीणेशिवाय आपण कोण, हे ईश्वरदासांना माहीत नव्हतं. त्यांनी होकाराची मान हलवली.

फुलवंता दवाखान्याच्या मागे चुलीवर जखमांच्या पट्ट्या उकळत होती. ईश्वरदासांनी सगळं समजावून सांगितलं, शास्त्राधारानं. तिनं लाकडं आत सारत ऐकून घेतलं.

“तुमचा प्रभू आनते मनता. कवा आनते?”

“शेवटच्या दिवशी. सगळ्याइले.”

“तोवर कुठं राहीन तो?”

“झोपला आहे, असं समज.”

“तो कवा एकटा झोपलाच नाही जी,” फुलवंता म्हणाली, आणि काठीनं पट्ट्या खालीवर करत राहिली.

गुरुवारी उन्हं कलायला लागली तशी माणसं जमली. दिवसाचं कीर्तन कोणी पाहिलं नव्हतं. मंदिरात सगळे एकमेकांची तोंडं पाहत बसले, जसे लग्नघरी वेळेआधी पोचलेले पाहुणे. साथीला मास्तरांनी गोंदियाहून रामलाल ढोलकवाला बोलावला होता. त्यानं ढोलकीच्या दोऱ्या ओढल्या आणि विचारलं, “महाराज, कौन सा ठेका?” ईश्वरदास म्हणाले, “गाना सुनते जाव, अपने आप समझेगा.” पतिरामला त्यांनी कधी काही सांगावं लागलं नव्हतं.

तेवढ्यात फाटकापाशी बकाराम आला. डोक्याला नवं पागोटं, हातात कोरा मातीचा घडा. मागे भाऊबंद, बाया, पोरं. आत न येता त्यानं हाक दिली, “चाल वं फुलवंता. दिवस बुडाच्या आत झालं पायजे.”

बायांच्या रांगेत पुढे बसलेली फुलवंता अर्धवट उठली. उठताना तिनं ईश्वरदासांकडे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. ईश्वरदास गळ्यातली वीणा सारखी करण्यात गुंतले. जी सारखी होती ती ते पुन्हा पुन्हा सारखी करत राहिले. फुलवंता खाली बसली.

बकारामला समजलं. तो भांडला नाही. “महाराज,” तो म्हणाला, “तुमचं गानं होऊ द्या. आमी थांबतो काठावर. दिवस आहे तोवर थांबतो.”

कीर्तन उभं राहिलं. ईश्वरदासांनी मनाशी ठरवलं होतं, पूर्वरंग आखडता घ्यायचा, आख्यान उरकायचं, तिला वेळेत मोकळं करायचं, पुढचं पुढं. पण गाणं हे सवयीचं जनावर. ते आपल्या वाटेनं, आपल्या चालीनं चालतं. नमन लांबलं, निरूपण लांबलं. खिडकीतून वाघनदीवरून हाक येई, वाऱ्यासरशी मोठी होई, वाऱ्यासरशी विरे. “पतिराम हो. चाल घरी.” बकाराम आपल्या परीनं सुरुवात करून बसला होता. हाक आली की रामलालचा ठेका चुके आणि बाया पदर तोंडाला लावत.

ईश्वरदास वीणेकऱ्याला खाली घेऊन गेले, राजापुढे उभं केलं, बायको मागून घेतली. मग वर चढायची वाट आली. इथं ते नेहमी आवाज अगदी खाली आणत.

पुढे चाले वीणेकरी । मागे पाऊल न वाजे ।
सखी आहे की नाही रे । कोणा पुसू मनामाजे ॥

या ओवीनंतर ते गप्प होत आणि चार पावलं नुसतीच चालत. त्या शांततेत मागून पतिराम मांदरीच्या डाव्या पुडीवर बोटांची टोकं टेकवी. वाजवत नसे, नुसती टेकवी. वाळलेल्या पानावर कोणी अनवाणी पाय ठेवावा तसा आवाज. समोरच्या लोकांना तो ऐकूही जात नसेल. पण ईश्वरदासांना जाई, आणि त्यांच्या अंगावर काटा येई, की आहे, मागून येत आहे. एकदा त्यांनी पतिरामला विचारलं होतं, हे तुला कोणी शिकवलं? तो म्हणाला होता, “कोनी कायले शिकवते? बाई संगं चालून राहिली, तिचे पाय नको का वाजाले?”

ईश्वरदास चार पावलं चालले. मागे काही नव्हतं. ते आणखी चालले. माणसं श्वास रोखून बसली होती, सगळ्यांना वाटलं महाराज आज फारच रंगले. ते भिंतीपर्यंत गेले. तिथं उभे राहिले, आणि वळून मागं पाहिलं.

रामलाल ढोलकीवर हात ठेवून बसला होता. “महाराज, बजाऊँ?” त्यानं हळूच विचारलं.

आता खरं म्हणजे पट्टी चढवायची, प्रभूकडे यायचं. आख्यान मरणापाशी सोडू नये, हा कीर्तनाचा धर्म. सोडलं तर ऐकणारा ते मरण घरी घेऊन जातो. मास्तर पुढच्या बाकावरून पुटपुटले, “चला पुढं. प्रभूचं घ्या.” ईश्वरदासांनी तोंड उघडलं. शेकडो वेळा म्हटलेली ओळ होती. तोवर कुठं राहीन तो, एवढंच त्यांच्या कानात वाजत राहिलं. ओळ काही आली नाही.

नदीकडून हाकही आता येत नव्हती.

फुलवंता उठली. बायांच्या मधून, लुगड्याचा ओचा सावरत, घाई न करता दारापर्यंत गेली. दाराबाहेर पडल्यावर मात्र धावली. मास्तरांनी ठरलेलं भजन सुरू केलं, लोकांनी कसाबसा सूर मिळवला. ईश्वरदासांनी वीणा गळ्यातून काढून खाली ठेवली आणि ते तिच्यामागे गेले.

दिवस डोंगराआड गेला होता. काठावर कोणी नव्हतं. वाळूत पायांची गर्दी उमटलेली, हळदीनं पिवळे केलेले तांदूळ सांडलेले, आणि एका दगडाला टेकवून ठेवलेला कोरा घडा. “ठेवून गेला भासरा,” फुलवंता म्हणाली. तिनं घडा उचलला आणि गुडघाभर पाण्यात उतरली. घडा आडवा धरला. मग तशीच उभी राहिली.

“बलाव त्याले,” ईश्वरदास काठावरून म्हणाले.

“मी कशी बलावू जी? नवऱ्याचं नाव कसं घेऊ? तुमी घ्या.”

उभ्या जन्मात तिनं ते नाव उच्चारलं नव्हतं. कबरीवरच्या क्रुसावर कोरताना मास्तरांनी विचारलं तेव्हाही तिनं शेजारणीला सांगायला लावलं होतं. ईश्वरदास जोडे काढून पाण्याच्या कडेला आले. पंचांचा विचार त्यांच्या मनात आला नाही, पुस्तकाचाही नाही.

“पतिराम,” त्यांनी हाक मारली.

ताल नाही, सूर नाही. आपलाच आवाज त्यांना ओळखू आला नाही, एखाद्या म्हाताऱ्याचा फाटका आवाज. “पतिराम. चाल बाबा. घरी चाल.” थांबून त्यांनी पुन्हा हाक मारली. पलीकडच्या झाडीत पाखरं बसत होती, ती उडाली, पुन्हा बसली. अंधार पाण्यावर उतरेपर्यंत ते हाका मारत राहिले, घसा बसला तरी मारत राहिले. मग फुलवंतानं घडा उभा केला, आत हात घालून तळ चाचपला. सगळीकडून चाचपला. हात बाहेर काढला आणि ओला तळवा लुगड्याला पुसला.

“पानीच आहे,” ती म्हणाली.

थोड्या वेळानं तिनंच त्यांची समजूत घातली, आजाऱ्याला घालतात तशी. “तुमी त्याचे भाऊबंद नोहोत ना जी. मनून नसन आला.”

ईश्वरदासांनी काठावरचे जोडे हातात घेतले. बोलण्यासारखं त्यांच्याजवळ जे होतं ते सगळं गाण्याचं होतं.

मास्तरांनी पुढं दोघांनाही काही विचारलं नाही. फुलवंतेची खोली राहिली, काम राहिलं. ईश्वरदासांची वीणाही राहिली. दर महिन्याला कीर्तन होई, रामलाल गोंदियाहून येई, ठेकाही त्याला हळूहळू समजू लागला. कोणी वीणेकऱ्याचं आख्यान मागितलं तर ईश्वरदास दुसरं काही घेत. बकाराम बाजारात भेटला की नमस्कार करी, पण दिवाळीला त्याच्या घरी बुढ्यांचं जेवण होई तेव्हा फुलवंतेला निरोप येत नसे. ज्याला आणलंच नाही त्याचं पान कुठं मांडायचं? आणि कबरस्तानात फुलं ठेवायला मंडळीच्या बाया गेल्या तर ती सोबत जाई, फुलंही ठेवी, पण शेतात परक्याच्या बांधावर बसावं तशी अंग चोरून बसे.

ईश्वरदासांच्या ओसरीवरून दवाखान्याची मागची बाजू दिसते. सकाळी ते शास्त्र उघडून बसतात तेव्हा फुलवंता नदीवरून पाणी घेऊन येते. रोग्यांना प्यायचं पाणी. रांजणाच्या तोंडावर दुपदरी फडकं बांधून ती बारीक धारेनं ओतते. ओतून झालं की फडकं सोडते. ते झटकायच्या आधी दोन्ही तळव्यांवर उघडून उजेडाकडे धरते, आणि त्याच्यावर काही जिवंत राहिलं आहे का ते पाहते. मग झटकते आणि काट्यांच्या कुंपणावर वाळत घालते.